काळी मोकळी, पांढरी दाट

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली आणि क्षेत्रफळाने भागता दर चौरस किलोमीटरला सुमारे २५५ माणसे पडली. त्याच गणनेत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती, देशाची ३८२, आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचा आकडा वीस हजारांच्या आसपास होता. या हिशेबाने जालना हा विरळ वस्तीचा जिल्हा ठरतो. भोकरदनहून जाफराबादकडे किंवा अंबडहून घनसावंगीकडे एसटीने जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनाही तसेच दिसते. दोहों बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन, मधूनच एखादी मोसंबीची बाग, आणि क्षितिजापर्यंत माणसाची चाहूल नाही.

पण त्याच एसटीतून उतरून गावात शिरणाऱ्या शिक्षकाला निराळीच दाटी भेटते. पटावरच्या एखाद्या मुलाच्या घरी तो जातो तेव्हा खोली एकच असते. तिच्यात आजी, आईबाप, एखादा चुलता आणि चार भावंडे राहत असतात. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात धान्याची पोती, खुंटीला दप्तर आणि समोर सतत चालू असलेला टीव्ही. गृहपाठ का झाला नाही, हे मग त्या मुलाला विचारण्याचे कारण उरत नाही.

गावाच्या जमिनीचे दोन भाग जुन्या मराठीने फार नेमके ओळखले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. २५५ हा आकडा काळी आणि पांढरी एकत्र मोजून काढलेला आहे. माणूस राहतो मात्र पांढरीत. गावठाणाची हद्द सरकारी कागदावर एकदा ठरली की ती सहजासहजी हलत नाही. कुटुंबे वाढतात, भावाभावांत भिंती उभ्या राहतात, आणि चहूकडे रान मोकळे असताना गाव मात्र आपल्याच अंगात आखडत जाते. पांढरीतही ही दाटी सारखी वाटलेली नसते. गढीच्या आणि वाड्याच्या वाट्याला चौक येतो. वेशीबाहेरच्या वस्तीला वाढण्यासाठी जागा मुळात कोणी सोडलेलीच नव्हती. सबंध देशाचा विचार केला तर २०११ च्या गणनेत शंभरांतील सुमारे ३७ कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याची नोंद आहे. दाटीचा माणसाच्या वागण्याशी काही संबंध असेल तर तो चौरस किलोमीटरात शोधण्यात अर्थ नाही. तो या खोलीत शोधला पाहिजे.

हा शोध जगात बराच झाला आहे, आणि त्याची सुरुवात माणसांपासून न होता उंदरांपासून झाली. जॉन कॅल्हून या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६२ साली आपल्या प्रयोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. बंदिस्त जागेत उंदरांना अन्नपाणी भरपूर दिले आणि त्यांना वाढू दिले, तेव्हा एका मर्यादेनंतर माद्या पिलांकडे दुर्लक्ष करू लागल्या, काही नर विनाकारण चावे घेऊ लागले, तर काही सगळ्यांपासून दूर, सुन्न होऊन बसले. १९६८ साली चार जोड्यांपासून सुरू केलेल्या त्याच्या प्रसिद्ध प्रयोगात उंदरांची संख्या सुमारे २,२०० पर्यंत चढली, मग पिले जगेनाशी झाली आणि अखेर ती सारी वसाहत नष्ट झाली. त्याच १९६८ साली पॉल एहर्लिक यांचे लोकसंख्येच्या स्फोटावरील पुस्तक निघाले. त्याची सुरुवात दिल्लीच्या एका रस्त्यावरील गर्दीच्या वर्णनाने होते. त्या काळी पॅरिस महानगराची वस्ती दिल्लीहून कितीतरी जास्त होती. परंतु पॅरिसच्या गर्दीने कोणा लेखकाच्या मनात धडकी भरल्याचे ऐकिवात नाही. गरिबांची गर्दी तेवढी भयावह वाटावी, हा त्या काळाच्या विचाराचा दोष होता, आणि आणीबाणीत १९७६ साली नसबंदीच्या सक्तीने त्याचे टोक या देशातील गावोगावच्या लोकांनी अनुभवले. गाव सोडून शेतात लपून बसलेल्या पुरुषांच्या आठवणी त्या पिढीकडे अजून असतील.

उंदरांवरून माणसाचे अनुमान काढण्यात एक मूळचीच चूक होती. उंदराला पिंजऱ्यातून बाहेर पडता येत नव्हते, आणि आपसांत काही नियम ठरवून घेणेही त्याला शक्य नव्हते. माणसाला या दोन्ही गोष्टी करता येतात. निदान काही माणसांना करता येतात. १९७२ साली डॅनियल स्टोकोल्स या मानसशास्त्रज्ञाने घनता आणि गर्दी यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. घनता ही मोजपट्टीची गोष्ट आहे. इतक्या जागेत इतकी माणसे, एवढेच ती सांगते. गर्दी ही मनाला होणारी जाणीव आहे, आणि आपल्याला हवी तेवढी जागा हव्या त्या वेळी मिळत नाही, आपला त्यावर काही इलाज चालत नाही, असे वाटले की ती होते.

पुढच्याच वर्षी पॅट्रिशिया ड्रेपर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतील कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांविषयी लिहिले. शिकार आणि कंदमुळे यांवर जगणारे हे लोक अफाट, निर्जन प्रदेशात राहत. पण त्यांच्या तळावरच्या झोपड्या इतक्या लगत असत की बसल्या जागेवरून हात लांबवून शेजाऱ्याला वस्तू देता यावी. अंगाला अंग लावून बसणे त्यांना आवडे. त्यांच्यात ताणाची लक्षणे शोधूनही सापडली नाहीत. याचे एक मोठे कारण उघड होते. तळावर कोणाशी बिनसले तर कुटुंब उठून दुसऱ्या तळावर जाई. सभोवार जागा होती आणि जाण्याला कोणाची आडकाठी नव्हती.

आता याच्याशेजारी जालन्याचे एक चित्र ठेवून पाहावे. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातील कित्येक गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. फडाजवळच्या मोकळ्या माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. एका कोपीत नवरा, बायको, लहान मुले आणि कधी म्हातारी आई. शेजारची कोपी हाताच्या अंतरावर, समोर बैल आणि उसाची गाडी. वरवर पाहता हा तळ कुंगांच्या तळासारखाच आहे. झोपड्या तशाच लगत आणि भोवती रान तसेच मोकळे. फरक एवढाच की मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत येथून कोणी उठून जाऊ शकत नाही. भांडण झाले तरी त्याच कोपीत राहायचे आणि पहाटे त्याच फडात उतरायचे. बाईला अंघोळीसाठी आडोसा नाही, आजाऱ्याला निवांतपणा नाही. दोन तळांची घनता मोजली तर ती बहुधा जवळपास येईल. त्या दोन तळांवरचे जगणे मात्र एक नव्हे, आणि हा फरक कोणत्याही चौरस मीटरात येत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे बहुतेक वेळा स्वतः तीन खोल्यांच्या घरात राहत असतात. तो असा की, एकांत ही पाश्चात्त्यांची गरज आहे; आपली माणसे एकत्र कुटुंबात वाढलेली, त्यांना दाटीची सवय असते, किंबहुना एकट्याने राहिले तर त्यांनाच करमत नाही. या म्हणण्याला विद्वत्तेचाही आधार मिळाला होता. एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली लिहिलेल्या पुस्तकात निरनिराळ्या समाजांतील माणसे एकमेकांपासून किती अंतर राखून उभी राहतात, बोलतात, स्पर्श करतात, याचा अभ्यास मांडला आणि प्रत्येक संस्कृतीची अंतराची कल्पना वेगळी असते असे दाखवले. ते खोटे नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालणारा वारकरी आणि लंडनच्या आगगाडीत वर्तमानपत्रामागे तोंड लपवणारा प्रवासी यांची अंगाला अंग लागण्याविषयीची कल्पना एक असूच शकत नाही.

पण अंतराची कल्पना वेगळी असली म्हणून दाटीचा परिणामही वेगळा होतो काय? गॅरी इव्हान्स, स्टीफन लेपोर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली याचीच तपासणी केली. अमेरिकेत राहणाऱ्या चार समाजांतील लोकांना त्यांनी प्रश्न विचारले. गोरे अमेरिकन, आफ्रिकी वंशाचे, मेक्सिकन वंशाचे आणि व्हिएतनामी वंशाचे, असे ते चार गट होते. तितक्याच दाटीच्या घरात राहणाऱ्या मेक्सिकन आणि व्हिएतनामी कुटुंबांनी आपले घर तेवढे दाटीचे वाटत नाही असे सांगितले. येथपर्यंत सवयीचा सिद्धांत खरा ठरला. पुढे मनावरील ताणाची लक्षणे पाहिली तेव्हा मात्र दाटी वाढली की ताण वाढतो, ही गोष्ट चारही गटांत सारखीच निघाली. सवयीमुळे तक्रार कमी होते, ताण तेवढाच राहतो, असा याचा अर्थ. तक्रार नाही म्हणून त्रास नाही, असे मानणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आणि प्रत्येक घरातील कर्त्या पुरुषाने हा निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आणि यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. याच इव्हान्स व लेपोर यांनी पुणे विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांच्या बरोबरीने पुण्यात दोन अभ्यास केले. पहिला १९८९ साली प्रसिद्ध झाला; त्यात पलसाने सहभागी होते, आणि तो पुण्यातील कुटुंबप्रमुख पुरुषांविषयी होता. दाटीच्या घरांत राहणाऱ्यांत मानसिक अस्वास्थ्याची लक्षणे अधिक आढळली, हे एक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे कारण. फार दिवस दाटीत राहिलेली माणसे हळूहळू एकमेकांपासून मनाने दूर सरकतात, एकमेकांचा आधार घेणे व देणे कमी करतात, आणि तो आधार तुटल्यामुळे ताण वाढतो. चार हातांवर चार माणसे असूनही माणूस एकटा पडावा, हे विचित्र वाटते. पण ज्याने अशा घरात दिवस काढले आहेत त्याला ते पटण्यास अडचण नाही. बाहेर एकांत मिळत नाही म्हणून तो आत एक दार लावून घेतो. घरातली माणसे त्याला घुमा म्हणतात.

दुसरा अभ्यास १९९८ चा. त्यात शेजवळ आणि पलसाने होते आणि तो दहा ते बारा वर्षांच्या, कामगारवर्गातील मुलांविषयी होता. शिक्षकांनी हा अभ्यास वाचला पाहिजे असे म्हणण्यापेक्षा, त्यातले निष्कर्ष शिक्षकांना आधीपासून ठाऊक आहेत आणि ते कागदावर आलेले नव्हते एवढेच, असे म्हणणे अधिक योग्य होईल. दाट घरांतील मुलांना शाळेत जुळवून घेणे जड जाते; अभ्यासात ती मागे पडतात; अवघड कोडे पुढे आले की लवकर हात टेकतात; आईबापांशी त्यांचे खटके अधिक उडतात; त्यांचा रक्तदाबसुद्धा चढा आढळला. कुटुंबाचे उत्पन्न हिशेबात धरूनही हे परिणाम टिकून राहिले. म्हणजे ‘घरची गरिबी’ एवढे म्हणून हा विषय संपत नाही. यांतील बरेचसे नुकसान आईबाप आणि मुले यांच्यातील कुरबुरीच्या वाटेने होते असेही दिसले. आठ माणसांच्या खोलीत मूल हालले की कोणाच्या तरी अंगावर पडते; रात्री उशिरा पुस्तक घेतले तर दिवा कोणाच्या तरी डोळ्यांवर येतो. त्याला दिवसभरात किती वेळा ‘सरक’, ‘गप’, ‘बंद कर’ ऐकावे लागते याची मोजदाद कोणी केलेली नाही. वर्गात पाचव्या मिनिटाला पेन्सिल खाली ठेवणाऱ्या मुलाला आळशी, कोडगा, मठ्ठ ही विशेषणे लावण्यापूर्वी तो रात्री कोठे बसतो, एवढी चौकशी करायला हरकत नाही.

चाळीत वाढलेल्या पिढीला हे सारे अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० नंतरच्या काळात उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. अशा खोल्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे तीन-तीन पिढ्या राहिली, तेथून शाहीर निघाले, पुढारी निघाले, परीक्षेत पहिले येणारे विद्यार्थी निघाले. चाळीच्या आपलेपणावर मराठी माणूस आजही हळवा होतो. पण चाळीत खोलीखेरीज आणखी एक गोष्ट होती, आणि तिचा भाडेपावतीवर उल्लेख नसे. दारापुढून जाणारी गॅलरी, जिना, खालचे मैदान आणि रात्री अभ्यासाला बसण्यासाठी रस्त्यावरचा दिवा, ही सारी त्या १६० चौरस फुटांची पुरवणी होती. पुरुषांची आणि मुलग्यांची, एवढे मात्र जोडायला हवे. चाळीच्या आठवणी लिहिणाऱ्यांत पुरुषच अधिक का, याचेही एक उत्तर यात असावे.

हाँगकाँगमध्ये रॉबर्ट मिचेल यांनी केलेला आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. जगातील अतिशय दाट शहरांपैकी ते एक. तरी नुसत्या दाटीने माणसांची मने फारशी ढळलेली आढळली नाहीत. त्रास वाढला तो दोन ठिकाणी. एकाच घरात नात्याने न जोडलेली कुटुंबे राहत होती तेथे, आणि त्यातही जी वरच्या मजल्यांवर होती, ज्यांना भांडण झाल्यावर पटकन खाली रस्त्यावर येता येत नव्हते, त्यांच्यात. पुन्हा तोच मुद्दा, सुटकेचा. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या सळया करणारे कारखाने आहेत आणि त्यांत परप्रांतातून आलेले मजूर मोठ्या संख्येने काम करतात. भाड्याच्या खोल्यांत नात्यागोत्याबाहेरची माणसे पाळीपाळीने झोपतात, भट्टीची धग अंगात घेऊन. या खोल्यांत कधी मारामारी झाली तर शहरातले लोक मजूर कोठल्या प्रांताचे आहेत हे आधी विचारतात. खोलीत माणसे किती होती, हे कोणी विचारत नाही.

एवढे म्हटल्यावर गर्दी ही वाईटच, असे कोणी समजू नये. २०११ साली प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्या यात्रेकरूंचा अभ्यास झाला. कडाक्याची थंडी, रात्रंदिवस ध्वनिवर्धक आणि लक्षावधी माणसे, इतके असूनही मेळ्यानंतर या यात्रेकरूंना आपली प्रकृती घरी राहिलेल्या त्यांच्यासारख्याच लोकांपेक्षा सुधारल्यासारखी वाटली. पायी वारी करणाऱ्या जालन्याच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. गर्दीतला शेजारी हा आपलाच आहे, आपण एका कामासाठी आलो आहोत, आणि आपण स्वखुशीने आलो आहोत, असे वाटले की खांद्याला लागलेला खांदा जड होत नाही. तोच वारकरी आठ दिवसांनी तालुक्याच्या बसस्थानकावर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि त्या जागेसाठी हमरीतुमरीवर येतो. माणूस तोच असतो आणि गर्दीही तेवढीच असते. वारीत जेवणाची पंगत सगळ्यांना पुरणार याची खात्री होती. बसमध्ये जागा पुरणार नाही याची खात्री आहे. दुष्काळी वर्षात, जसे ते २०१२-१३ साली होते, पाण्याच्या टँकरभोवती जी झोंबाझोंबी होते तिचा दोष लोकसंख्येच्या घनतेला देणारे लोक आहेत. वस्तुतः ती टंचाईची झोंबाझोंबी असते. विरळ वस्तीच्या तांड्यावरही टँकर आठवड्यातून एकदाच आला तर हेच घडते.

राष्ट्राराष्ट्रांची तुलना करणारे मोठे अभ्यासही अलीकडे झाले आहेत. मिशेल गेलफंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ३३ देशांची पाहणी केली, तेव्हा जेथे पूर्वापार वस्ती दाट होती तेथे सामाजिक नियम कडक आणि चुकणाऱ्याला क्षमा कमी, असा कल त्यांना दिसला. २०१७ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात दाट वस्तीच्या देशांत लोक मुले कमी होऊ देतात, त्यांच्या शिक्षणावर अधिक खर्चतात आणि पुढचा विचार अधिक करतात असे आढळले. उंदरांच्या भाकिताच्या अगदी उलट. या निष्कर्षांत तथ्य असेल. पण नेदरलंड हा देश भारताहून दाट वस्तीचा असून गेलफंड यांच्याच यादीत सैल नियमांचा ठरला. आणि देशाच्या सरासरीवरून मंठ्याच्या एखाद्या खोलीत काय चालले आहे हे समजत नाही. तेथील नियम कडक असतात हे मात्र खरे. एका खोलीत तीन पिढ्या राहायच्या तर सुनेने कोठे बसावे, कोणासमोर बोलू नये, पदर कोठवर असावा, याचे नियम लागतात. भिंतीचे काम तेथे पदराला करावे लागते. या नियमांना संस्कृती असे नाव आहे, आणि त्यांचा सगळा भार जिच्या वाट्याला जागा सर्वांत कमी येते तिच्यावर टाकलेला आहे.

जुन्या घरांना हे कळत होते असे म्हणावे लागते. मराठवाड्यातील मातीच्या घरावर माळवद असे. उन्हाळ्यात घरातले निम्मे लोक वर झोपत. दिवसा तेथे डाळ वाळे, आणि संध्याकाळी एखादा मुलगा पुस्तक घेऊन वर जाऊन बसला तर त्याला कोणी हाक मारीत नसे. पुढे ओटा, आत ओसरी. पुरुषांना चावडी आणि पार, बायकांना आड आणि नदीचा घाट. पहाटेचे जाते हे अंगमेहनतीचे काम खरे, पण घर झोपलेले असताना बाईला मनातले बोलायला मिळणारी ती एकच घटका होती. ओव्या उगाच जात्यावर जन्मल्या नाहीत. पिठाच्या गिरणीने तिचे कष्ट वाचवले, हे चांगलेच झाले. त्या घटकेची भरपाई मात्र कोणी केली नाही. माळवद गेले आणि पत्रा आला. पत्र्यावर बसता येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालीही बसता येत नाही. घराची वरची निम्मी जागा अशी गेली. मातीचे घर गळते, खचते, दरवर्षी लिंपावे लागते, हे कोणी नाकारणार नाही. ते परत आणा असे सांगणारा माणूस बहुधा त्यात राहिलेला नसतो.

आता सरकार घरे देते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट ठरले आहे. इंदिरा आवास योजनेत ते २० होते. पाच चौरस मीटर वाढले याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तीन माणसांचे कुटुंब आणि आठ माणसांचे कुटुंब यांना नियम एकच आणि अनुदानही एकच आहे. माणशी जागा किती पडते हा प्रश्न त्या अर्जात कोठे नाही. दुसरे म्हणजे ती जागा आतून कशी विभागावी याविषयी कोणी बोलत नाही. २६९ चौरस फुटांचा एकच मोठा चौकोन आणि त्याच २६९ फुटांत छातीएवढी एक आडवी भिंत घालून काढलेला एक कोपरा, यांत राहण्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. स्लॅब असेल तर बाहेरून एक जिना काढून माळवदाची जागा परत मिळवता येते. याला लागणाऱ्या विटा मोजक्याच आहेत. तालुक्याच्या अभियंत्याने आराखड्यावर एक रेघ अधिक ओढली तर हे होते.

घरे बदलायला मात्र वेळ लागेल, आणि जे मूल आज सहावीत आहे त्याला तेवढा वेळ नाही. त्याच्यासाठी करण्यासारखी एक गोष्ट प्रत्येक गावात तयार उभी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्या संध्याकाळी पाचला कुलूपबंद होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रिकाम्या राहतात. गावातील सर्वांत प्रशस्त, पक्क्या भिंतींच्या आणि मोकळ्या हवेच्या खोल्या त्याच. आणि ज्या तासांत गावातली घरे सर्वाधिक भरलेली असतात नेमक्या त्याच तासांत त्या ओस पडतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तरुणांनी ही गरज आपल्यापुरती ओळखली आहे. महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत एक खुर्ची आणि एक दिवा विकत घेण्याची पद्धत शहरांतून रूढ झाली आहे. ज्याला पैसे भरता येतात त्याची सोय झाली. सहावीतल्या मुलीची झाली नाही.

यावर हरकती येतील आणि त्यांतल्या काही खऱ्या आहेत. हे काम पुन्हा शिक्षकाच्या माथी मारू नये. मतदारयाद्या, जनगणना आणि सर्वेक्षणे यांतून त्याला शिकवण्यापुरतीही उसंत मिळत नाही. पण गावात पदवी घेऊन बसलेले दोन-चार तरुण असतातच, आणि त्यांना स्वतःलाही बसायला जागा हवी असते. विजेचे बिल हा खरा अडथळा आहे; थकबाकीमुळे शाळांची जोडणी तोडली गेल्याचे प्रकार या राज्यात घडलेले आहेत. ते बिल ग्रामपंचायतीने आपल्याकडे घेतले पाहिजे. मुलींना अंधार पडल्यावर पाठवायला आईबाप तयार होणार नाहीत, हीही गोष्ट खोटी नाही; म्हणून मुलींची वेळ शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ठेवावी आणि एखादी अंगणवाडीताई किंवा बचत गटातली बाई मानधन देऊन तेथे बसवावी. ते मानधन किती, आणि शाळेच्या कुलपाची दुसरी किल्ली गावात कोणाकडे राहावी, हे दोन विषय ग्रामसभेपुढे येण्यास कोणत्याही नव्या कायद्याची जरुरी नाही.